टेन-टू-थ्रीचा जॉब अंगावर घ्यावा का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेत काकांचं शॉप आहे, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे उभं मिलिंग मशीन. आजवर बिडाची कास्टिंगं आणि ईएन-८, ईएन-२४ या पोलादांमधले हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग काढलेत. आता पुण्याच्या एका पार्टीनं टायटेनियम १०-२-३ च्या पिना आणि एंड फिटिंग विचारल्यात. हे मटेरियल नक्की काय, पोलादापेक्षा खरंच ताकदवान आहे का, कुठं लागतं आणि आपल्या मशीनवर निघेल का? खाली तू काकांचं वाक्य लिहिलंयस, ‘लोखंड कापणाऱ्याला आणि काय कापायचं राहिलंय?’ त्यांना माझा नमस्कार सांग. पहिला टायटेनियमचा बार चकात धरला तेव्हा मीही हेच म्हणालो होतो, आणि दुपारपर्यंत इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या टोकावर बसवायच्या कार्बाइडच्या कापणाऱ्या तुकड्यांचा, अख्खा डबा संपवला होता.

आधी ताकदीचा हिशेब करू, कारण तिथंच सगळ्यांची फसगत होते. १०-२-३ म्हणजे टायटेनियममध्ये १० टक्के व्हॅनेडियम, २ टक्के लोखंड आणि ३ टक्के अॅल्युमिनियम. आपण बोलताना टेन-टू-थ्री म्हणतो. पूर्ण हीट ट्रीटमेंट झालेल्या फोर्जिंगला, म्हणजे ठोकून घडवलेल्या भागाला, विमानवाले किमान ११९३ मेगापास्कल ताणशक्ती मागतात. बाजारात सगळ्यात जास्त चालणारं टायटेनियम म्हणजे ग्रेड ५, आपलं सिक्स-फोर: ६ टक्के अॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. ते अॅनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या अवस्थेत किमान ८९५ देतं. तुमच्या शॉपमधलं हार्डन-टेंपर केलेलं ईएन-२४ साधारण १००० धर. पण विमानाच्या पायात, म्हणजे लँडिंग गिअरमध्ये, वापरतात ते ३००एम नावाचं पोलाद १९०० च्या वर जातं. म्हणजे निव्वळ ताकदीत टेन-टू-थ्री सर्वोत्तम पोलादाला हरवत नाही.

आता वजनानं भाग. टेन-टू-थ्रीची घनता ४.६५, पोलादाची ७.८ च्या आसपास. ११९३ ला ४.६५ नं भागलंस तर २५६ येतात. ३००एमचे येतात २४५ च्या आसपास, ईएन-२४ चे १२७, सिक्स-फोरचे २०२. आणि गंमत बघ, ७०७५ अॅल्युमिनियम टी-६ म्हणजे कडक केलेल्या अवस्थेत ५७० ला २.८ नं भागल्यावर सिक्स-फोरच्या बरोबरीला येऊन बसतं! म्हणजे वजनाच्या हिशेबातही सर्वोत्तम पोलादावर टेन-टू-थ्रीची आघाडी नावापुरतीच आहे. मग एवढं महाग मटेरियल घेतात कशाला?

गंजासाठी. अतिउच्च ताकदीच्या पोलादाचं दुखणं असं, की ते ओलाव्यात ताणाखाली तडकतं. प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरला तरी तडकतं. म्हणून त्यावर कॅडमियम चढवा, मग भट्टीत बेक करा, मग रंग, मग दर काही वर्षांनी उघडून तपासा. विमानाचा पाय म्हणजे धावपट्टीवरचं पाणी, मीठ, ग्रीस आणि दगडांचा मारा, सगळं एकाच भागावर. टायटेनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो, खरचटला तर लगेच परत धरतो. बोइंग ७७७ च्या मुख्य लँडिंग गिअरमध्ये टेन-टू-थ्रीची मोठमोठी फोर्जिंगं घातली, त्यानं विमानामागं सुमारे २७० किलो वजन वाचलं आणि पोलादाच्या तडकण्याची धास्ती गेली. ते विमान १९९५ पासून सेवेत आहे. पुढं ७८७ आलं, त्याच्या लँडिंग गिअरला ५५५३ नावाचा भाऊबंद वापरला: ५ टक्के अॅल्युमिनियम, ५ व्हॅनेडियम, ५ मॉलिब्डेनम, ३ क्रोमियम. त्याचं मूळ रशियन व्हीटी-२२ मध्ये आहे. ७८७ मध्ये वजनानं १५ टक्के टायटेनियम आहे. त्याचं मोठं कारण कार्बन फायबर. कार्बन फायबरला चिकटून अॅल्युमिनियम ठेवलं की अॅल्युमिनियम गंजतं, टायटेनियमला काही होत नाही.

तेव्हा पार्टीला पहिला प्रश्न हाच विचार, की पिना पोलादाच्या का नकोत. उत्तर वजन आणि गंज असं आलं तर माणूस जाणकार. ‘एकदम स्ट्राँग पाहिजे’ एवढंच आलं तर ड्रॉइंग कुणाचं आहे ते बघ.

का म्हणतो, ते सांगतो. टायटेनियम वाकतं. तुटत नाही, पण पोलादापेक्षा दुप्पट वाकतं. पोलादाचा स्थितिस्थापकता अंक २०५ गिगापास्कल, टायटेनियमचा ११० च्या आसपास. पोलादाच्या पिनेचं ड्रॉइंग जसंच्या तसं ठेवून फक्त मटेरियलच्या चौकटीत टायटेनियम लिहिणारे डिझायनर मी पाहिलेत. पिन ताकदीला पुरते, पण लोडखाली दुप्पट वाकून बुशाच्या कडा खाते. दुसरं, हे मटेरियल घर्षणाला अगदी नालायक आहे. आपल्याकडं हार्ड क्रोमचा रॉड ब्राँझच्या बुशात वर्षानुवर्षं फिरतो. उघडं टायटेनियम उघड्या टायटेनियमवर चार वेळा फिरवलंस की पकडतं. एकदा मी स्वतः टायटेनियमच्या स्टडवर टायटेनियमचा नट कोरडाच चढवला, फक्त थ्रेड बसतोय का बघायला. तो आजतागायत खाली आला नाही, शेवटी हॅकसॉनं कापला. त्यामुळं पिनेवर टंगस्टन कार्बाइडचा फवारा, क्रोम किंवा नायट्रायडिंग, यातलं काहीतरी ड्रॉइंगवर असलंच पाहिजे. नसेल तर लेखी विचार.

उलट जिथं लवचीकपणाच हवा, तिथं हाच दोष गुण होतो. स्प्रिंग घे. टायटेनियमचा ताठपणा निम्मा, म्हणून तेवढ्याच कामाला वेढे कमी लागतात, वर घनताही कमी. बीटा-सी आणि १५-३ या प्रकारच्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगा विमानात आणि रेसिंगच्या गाड्यांत बसतात. बीटा-सी तेलविहिरीत खोल, खारट आणि गंधकाच्या वायूनं भरलेल्या जागी पण टिकतं. तुमच्या धंद्याशी जवळचं म्हणशील तर विमानातली हायड्रॉलिक्स. आपल्या उद्यमबागेतल्या पॉवरपॅकला २१० बार नवीन नाहीत. ए३८० आणि ७८७ मध्ये ३५० बारची सिस्टीम आहे. विमानातल्या दाबाच्या नळ्या ३-२.५ नावाच्या मऊ टायटेनियमच्या असतात, तर जाड फोर्जिंगच्या भागांना टेन-टू-थ्रीसारखं लागतं. इस्रोच्या उपग्रहांच्या इंधनटाक्या सिक्स-फोरच्या. हाडं जोडायच्या प्लेटा आणि स्क्रूसुद्धा सिक्स-फोरच्या, फक्त ऑक्सिजन आणखी कमी ठेवलेल्या. माणसाच्या शरीरात टेन-टू-थ्री घालत नाहीत, कुणी तसं विचारलं तर नाही म्हण.

आता ही ताकद येते कुठून ते समजून घे, कारण ती तुझ्याच शॉपमध्ये घालवता येते. शुद्ध टायटेनियमची अणूंची मांडणी ८८२ अंश सेल्सियसला बदलते. खाली अल्फा, वर बीटा. अॅल्युमिनियम घातलं की अल्फा पक्का होतो. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, लोखंड घातलं की बीटा खालच्या तापमानापर्यंत टिकतो. टेन-टू-थ्रीमध्ये हे बदलाचं तापमान ८०० च्या आसपास येतं, सिक्स-फोरमध्ये ते ९९५ असतं. टेन-टू-थ्रीला बदलाच्या थोडं खाली, साधारण ७६० ला तापवून पाण्यात सोडलं की बीटा तसाच गोठून राहतो, मऊ आणि अस्वस्थ. मग ५०० च्या आसपास आठ तास ठेवला (याला एजिंग म्हणतात) की त्या बीटाच्या पोटात अल्फाचे अतिशय बारीक कण धरतात. ताकद त्या कणांत आहे.

कुंदा करताना बघितलायस ना? दूध तेच, साखर तीच, पण आच आणि वेळ चुकली की दाणा बिघडतो. इथंही तेच. एजिंगचं तापमान थोडं चढलं की कण जाड होतात, ताकद उतरते, चिवटपणा वाढतो. थोडं कमी ठेवलं की ताकद चढते आणि मटेरियल ठिसूळ होतं. टेन-टू-थ्रीच्या त्या ११९३ च्या अवस्थेत लांबण्याची किमान अट फक्त ४ टक्के आहे. तुमच्या ईएन-८ च्या मानानं हे जवळपास काचेचं भांडं. म्हणून ओरखडा, टूलची खूण, कोपऱ्यातली धारदार त्रिज्या, यातलं काहीही त्याला चालत नाही.

सिक्स-फोरही असं पाण्यात सोडून कडक करता येतं, पण ते २५ मिलिमीटर जाडीपर्यंतच नीट आतवर पोचतं. टेन-टू-थ्री त्याच्या तिप्पट-चौपट जाडीत पण आतपर्यंत पकडतं. जाड फोर्जिंगसाठी त्याची निवड होते ती यामुळं. त्याचा एक खोडसाळपणा म्हणजे त्यातलं लोखंड. वितळलेला गोळा थंड होताना लोखंड कुठंकुठं जास्त गोळा होतं आणि आत बीटाचे ठिपके राहतात. ते ओतणाऱ्याचं काम, तुझं नाही, पण टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर (कुठल्या ओतीतला माल ते), वितळण्याची पद्धत आणि अल्ट्रासॉनिकचा निकाल बघितल्याशिवाय बार उतरवून घेऊ नकोस. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० कोसळलं, शंभरावर माणसं गेली. त्याच्या इंजिनातली टायटेनियमची फॅन डिस्क फुटली होती, आणि मूळ कारण वितळताना आत राहिलेला नायट्रोजननं कडक झालेला एक बारीक डाग. ती डिस्क सिक्स-फोरची होती. कागद सांभाळण्यात कंटाळा करू नकोस, एवढ्यासाठी सांगितलं.

आता मशीन. मशीन तुमचं चालेल, सवयी चालणार नाहीत. बीड कापताना चुऱ्याबरोबर बरीच उष्णता निघून जाते. टायटेनियमची उष्णतावाहकता ७ च्या घरात, साध्या पोलादाची ५० च्या. उष्णता जायला वाट नाही म्हणून ती टूलच्या नाकावर बसते. वर हा धातू तापला की इन्सर्टला चिकटतो आणि सुटताना कार्बाइडचा कण घेऊन जातो. ईएन-८ ला तू मिनिटाला १८० मीटर वेग देत असशील. सिक्स-फोरला ५० आणि कडक टेन-टू-थ्रीला ३० ते ४० धर. फीड, म्हणजे टूलचं पुढं सरकणं, मात्र सोडायचा नाही, फेऱ्याला ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. वेग कमी आणि फीड ठाम. आपल्या ऑपरेटरांचा हात नेमका उलटा असतो: आवाज आला की फीड कमी करतात. टायटेनियमवर फीड कमी केला की टूल कापायचं सोडून घासतं, आणि घासलं की वरचा थर कडक होतो, पुढचा पास त्या कडक थरावर पडतो. टूल जॉबला लावून थांबायचं नाही, अर्धा सेकंद पण नाही. फिनिशिंगला दहा-वीस मायक्रॉन ठेवून ‘जरा फिरवून घेऊ’ ही आपली खोड इथं नडते. कापायला पुरेसं मटेरियल ठेव.

इन्सर्ट धारदार, पॉझिटिव्ह रेकचा, कोटिंग नसलेला कार्बाइड किंवा पातळ पीव्हीडी (वाफेतून बसवलेल्या) कोटिंगचा. जाड कोटिंगनं इन्सर्टची धार बोथट होते. मिलिंगला क्लाइंब, म्हणजे दात जाड कापून बारीकवर सुटला पाहिजे. इन्सर्ट फुटायची वाट बघू नकोस, १५ मिनिटं झाली की फिरव, पैसे गेले असं वाटलं तरी. कूलंट भरपूर आणि नाकावरच. नुसती धार सोडून भागत नाही, दाबाचा पंप असेल तर निम्मं दुखणं गेलं समज. पातळ भिंतीचं फिटिंग असेल तर टूलच्या दाबानं ती मागं सरते आणि टूल गेल्यावर परत येते, माप मोठं राहतं. ताठपणा निम्मा म्हणालो तो इथंही आडवा येतो. आतून मऊ मँड्रेल किंवा फिक्स्चरचा आधार द्यावा लागेल, आणि काकांना बाहेरून आणलेलं महागडं फिक्स्चर नको म्हणावं, घरच्याच अॅल्युमिनियमच्या गोळ्यातून काढा.

क्रम विचारलास तर मऊ अवस्थेत रफिंग, मग एजिंग, मग फिनिशिंग, हे सोयीचं. पण मटेरियल कुठल्या अवस्थेत येणार ते पार्टीच्या ऑर्डरवर लिहून घे. एजिंग तुमच्या ओळखीच्या भट्टीवाल्याकडं नको. त्याच्याकडं गिअर होतात, चांगले होतात. पण हवेतल्या भट्टीत टायटेनियम तापवलं की ऑक्सिजन वरच्या थरात शिरतो आणि अल्फा केस नावाची ठिसूळ साल बनते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पुन्हापुन्हा पडणाऱ्या लोडनं धातू थकला की पहिली चीर तिच्यातूनच निघते. व्हॅक्यूम किंवा आर्गॉनची भट्टी हवी, नाहीतर साल काढायला मटेरियल शिल्लक ठेवायला हवं.

तीन गोष्टी शॉपच्या भिंतीवर लिहून चिकटव.

क्लोरीन नको. ट्रायक्लोर किंवा तसल्या ग्रीस काढायच्या क्लोरीनवाल्या द्रावणानं जॉब पुसायचा नाही. क्लोराइड पृष्ठभागावर राहिलं आणि नंतर तो भाग ताणाखाली तापला की चिरा जातात. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीनं एसआर-७१ घराण्यातली हेरविमानं बांधताना हे अंगावर काढून शिकलं. त्यांना कळेना, की उन्हाळ्यात वेल्ड केलेले भाग लवकर का फुटतात आणि हिवाळ्यातले का टिकतात. शोध घेतल्यावर समजलं, की बर्बँक शहराच्या पाण्यात उन्हाळ्यात शेवाळं धरू नये म्हणून क्लोरीन जास्त घालत, आणि भाग त्याच पाण्यानं धूत. मग डिस्टिल्ड पाणी आलं. आपल्याकडंही नळाला राकसकोपचं येवो नाहीतर हिडकलचं, क्लोरीन असणारच. शेवटची धुलाई डी-मिनरलाइज्ड पाण्यानं.

कॅडमियम नको. कॅडमियम प्लेटिंगचे पाने, क्लॅम्प, बोल्ट टायटेनियमला लावायचे नाहीत. हेसुद्धा त्याच विमानांवर समजलं, पान्यांच्या कॅडमियमनं बोल्टांची डोकी गेली. पुढं ती हत्यारंच पेटीतून काढून टाकली.

तिसरी गोष्ट आग. ही माझ्या डोळ्यांसमोर झाली. एका कारखान्यात, नाव कशाला घेऊ, मी सल्ल्याला जात होतो. रात्रपाळीत बोथट ड्रिलवर काम चालू राहिलं, ठिणगी पडली आणि खालच्या ट्रेमधला बारीक तेलकट भुसा पेटला. नवीन पोरानं घाबरून बादलीभर पाणी ओतलं. पेटलेलं टायटेनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. पांढरा भडका छताला लागला. पोराच्या भुवया गेल्या, आणखी काही नाही, देवाची कृपा. विझवली ती शेजारच्या फाउंड्रीतल्या वाळूनं. बेळगावात एवढी एक सोय आहे, वाळू हाकेच्या अंतरावर असते. पण लक्षात ठेव, मोल्डिंगची हिरवी वाळू नको, तिच्यात ओलावा असतो. कोरसाठीची कोरडी वाळू डब्यात भरून मशीनपाशी ठेव, नाहीतर धातूच्या आगीचा डी वर्गाचा सिलिंडर आण. पाणी आणि सीओटू दोन्ही नको. भुसा रोज उचल, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात वेगळा ठेव. बिडात मिसळला तर त्याला कवडीची किंमत नाही. वेगळा आणि स्वच्छ असेल तर घेणारे आहेत, पण त्यात फुटलेल्या कार्बाइडचे तुकडे नसतील तरच.

एक शंका तू विचारली नाहीस, पण काका विचारतील: एवढं महाग का? धातू दुर्मिळ आहे म्हणून नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे. आपल्या यमनापूरच्या अॅल्युमिना कारखान्यातून निघणाऱ्या लाल चिखलात पण टायटेनियमचं ऑक्साइड आहे. खर्च येतो ऑक्सिजनपासून सोडवण्याचा. आधी त्याचं क्लोराइड करा, मग मॅग्नेशियमनं ते तोडा, मिळतो तो सच्छिद्र स्पंज. मग तो निर्वातात दोन-तीनदा वितळवा. केरळात चवऱ्याला स्पंजचा कारखाना आहे, वर्षाला ५०० टनांचा, तंत्रज्ञान हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेचं. मिश्रधातू ओतायला हैदराबादलाच मिधानी ही सरकारी कंपनी. आणि शेवटी तुझ्यासारख्याच्या शॉपमध्ये त्यातला बराचसा भाग भुसा होऊन ट्रेमध्ये पडतो, विमानाच्या कामात बारमधला दहावा हिस्साच जॉबमध्ये उरला असंही होतं.

आता तुझा खरा प्रश्न, घ्यावा का. पिना घे, एंड फिटिंग आत्ता नको. पिन म्हणजे टर्निंग आणि ग्राइंडिंग. त्यातलं ग्राइंडिंग मात्र हळू, सिलिकॉन कार्बाइडच्या दगडावर, भरपूर पाण्यात. जाळलंस तर पृष्ठभागावर ताण राहतात. फिटिंगला पातळ भिंत, आतला थ्रेड आणि क्रॉस होल, तिघंही एकाच भागात. पहिल्याच वर्षी त्यात शिरलास तर एका रिजेक्शनमध्ये सहा महिन्यांची कमाई जाईल. रेट देताना मटेरियल पार्टीचं ठेव आणि रिजेक्शनची मर्यादा ऑर्डरवर लिहून घे. इन्सर्टचा खर्च ईएन-८ च्या हिशेबानं धरू नकोस. आधी सिक्स-फोरचा हातभर तुकडा विकत घे आणि त्यावर आठवडाभर हात बसव, सिक्स-फोर नीट निघालं की टेन-टू-थ्रीला वेग आणखी उतरव. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये काम केलेला एखादा ऑपरेटर मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन ठेवून घे. त्याच्या हाताला फीड न सोडायची सवय लागलेली असते.

ड्रॉइंग आलं की पार्टीची परवानगी घेऊन घरी घेऊन ये. रविवारी सकाळी मी अनगोळलाच असतो. काकांना पण आण.